पाहणी पुरी झाली; आता प्रथम काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणगौरव, बक्षीससमारंभ आणि भोजन यांच्या मधोमध एखादे व्याख्यान असावे, अशी आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. आणि ते फार लांबू नये, अशी श्रोत्यांची त्याहून जुनी प्रथा आहे. दोहोंचा मान राखण्याचा मी यत्न करीन. विषय मात्र असा आहे की, त्यावर आज संध्याकाळी आपणा सर्वांना मत द्यावयाचे आहे, आणि त्या मतावर मंडळाच्या आरोग्यनिधीचा पुढील तीन वर्षांचा विनियोग अवलंबून आहे. म्हणून थोडी सवलत मागून घेतो.

गेल्या वर्षी आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी मुंबई, ठाणे व डोंबिवली येथील बिऱ्हाडांतून आणि कोकणातील मूळ गावच्या घरांतून हिंडून ज्ञातीच्या आरोग्याची पाहणी पुरी केली. उद्वाहन बंद असलेल्या इमारतींचे जिने चढून आणि भर पावसात वाड्यावाड्यांतून चिखल तुडवून हे काम झाले आहे. त्यांचे कौतुक करावे तितके थोडेच. त्यांनी तयार केलेला अहवाल आपणांपैकी प्रत्येकाच्या हाती आहे. त्यातील आकडे मी पुन्हा वाचून दाखवीत नाही. माझे काम त्याच्या पुढचे आहे. अहवालाच्या शेवटच्या पानावर दुखण्यांची आणि अडचणींची एक लांबलचक यादी आहे. रक्तदाब आहे, मधुमेह आहे, स्त्रियांचा अशक्तपणा आहे, गुडघेदुखी आहे, गावी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आबाळ आहे, मूत्रपिंडाच्या विकाराने खचलेली दोन-चार कुटुंबे आहेत, तंबाखू आहे, मोतीबिंदू आहे. निधी एकच आहे आणि तोही आपल्याच वर्गण्यांतून जमलेला आहे. तेव्हा पहिल्याने हात कशाला घालावयाचा, हा प्रश्न आहे.

ज्ञातीने आपल्या माणसांच्या आरोग्याकडे लक्ष द्यावे, ही कल्पना काही आजची नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा सरकारी रुग्णालयांच्या धास्तीने लोक आजारी माणसे माळ्यांवर लपवू लागले होते. त्या वेळी शहरातील निरनिराळ्या ज्ञातींनी व समाजांनी आपापली प्लेगची रुग्णालये उघडली. पण त्या पिढीला अग्रक्रमाचा प्रश्न पडला नाही. दारात प्लेग उभा असताना मोतीबिंदूची चर्चा कोण करील? आजची दुखणी तशी नाहीत. ती आवाज न करता वर्षानुवर्षे घरात राहतात, आणि म्हणूनच ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे आपले लक्ष आधी जाते.

इंग्लंडमधील जोनाथन ब्रॅडशॉ या समाजशास्त्रज्ञाने १९७२ साली गरजेचे चार प्रकार सांगितले. तज्ज्ञाला जी दिसते ती एक. माणसाला मनात जी वाटते ती दुसरी. तो जिची उघड मागणी करतो ती तिसरी. आणि शेजारच्या वस्तीशी तुलना केल्यावर जी ध्यानी येते ती चौथी. हे वर्गीकरण पंडिती वाटेल, परंतु आपल्या अहवालावर ते ठेवून पाहा. अहवालात जे आले आहे ते बव्हंशी तिसऱ्या प्रकारचे आहे. म्हणजे जे विचारले असता लोकांनी मोकळेपणी सांगितले ते. मनात होते पण ओठांवर आले नाही, असे त्यात फारसे नाही. आणि मला भय वाटते ते त्याचेच.

आपल्या प्रश्नावलीच्या वरच्या बाजूला ‘माहिती देणाराचे नाव’ असा रकाना आहे. मी सर्व कागद चाळून पाहिले. बहुतेक ठिकाणी तेथे कुटुंबप्रमुखाचे नाव आहे. म्हणजे घरातील सुनेची प्रकृती सासऱ्याने सांगितली, आणि गावी असलेल्या आईची प्रकृती मुंबईतल्या मुलाने सांगितली. मुलाने ‘आई ठीक आहे’ असे लिहिले यात त्याचा दोष नाही. आईने त्याला दूरध्वनीवर तसेच सांगितले असणार. परंतु त्यामुळे रकाना भरला तरी माहिती मिळाली, असे म्हणता येत नाही.

या संदर्भात गडचिरोलीचे उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली त्या जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. राणीताईंनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय पत्रिकेत तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक विकार होता; आणि त्यापूर्वी अशी तपासणी ज्यांची कधी झाली होती, अशा स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. तोवर खेड्यांतील स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, इतकेच शासनाला व शास्त्राला ठाऊक होते. त्या बायकांनी कोणापाशी तक्रार केली नव्हती, कारण कोणी विचारलेच नव्हते. आणि पुरुषाने विचारले असते तरी त्यांनी सांगितले नसते. गडचिरोलीतच दुसरी एक गोष्ट घडली. आजाराच्या कोणत्याही सरकारी यादीत दारू नव्हती. गावच्या स्त्रियांच्या यादीत ती सर्वांत वर होती. त्यांच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या आंदोलनाचा शेवट १९९३ सालच्या जिल्हा दारूबंदीत झाला. ती बंदी कितपत पाळली जाते, हा वेगळा वाद आहे. यादी कोणाची, एवढाच माझा येथे मुद्दा आहे.

आता आणखी एक नाजूक गोष्ट बोलतो. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. आपले मंडळ जसे आरोग्याची पाहणी करते, तसेच ते वधूवर सूचक केंद्रही चालविते. कार्यालय एक, कपाट एक आणि पुष्कळदा कार्यकर्तेही तेच. अशा स्थितीत ज्या घरी उपवर मुलगी आहे, ते घर ‘फेफरे येते’, ‘क्षय झाला होता’ किंवा ‘मनाचा आजार आहे’ असे आपल्या कागदावर लिहून देईल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होय. अहवालात मानसिक आजार जवळजवळ नाहीतच, क्षय तर नावालाही नाही. यावरून आपली ज्ञाती या दुखण्यांपासून मुक्त आहे, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याच्याइतका आशावादी माणूस शोधून सापडणार नाही. क्षयाचे औषध सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते, रुग्णाच्या पोषणासाठी २०१८ सालापासून दरमहा साहाय्यही दिले जाते, आणि पुरे उपचार घेतले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. तरीही आपल्याकडे तो लपविला जातो तो जंतूच्या भयाने नव्हे, सोयरीक मोडेल या भयाने.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, अग्रक्रम ठरविण्याआधी ही भोके बुजवावीत. त्यासाठी पुन्हा वर्षभराची पाहणी नको. स्त्रियांची माहिती स्त्रियांनीच, घरात पुरुष नसताना घ्यावी. लपविल्या जाणाऱ्या आजारांसाठी बिननावाच्या चिठ्ठ्या बंद पेटीत टाकण्याची सोय करावी, आणि ती पेटी वधूवर केंद्राच्या कपाटात ठेवू नये. गावच्या वृद्धांना त्यांच्या ओटीवर बसून, त्यांच्याच तोंडून विचारावे. हे काम एका पावसाळ्यात उरकेल.

आता तोलण्याच्या प्रश्नाकडे वळतो. आपण सामान्यतः मोजतो ती संख्या. ज्याचे रुग्ण अधिक ते काम पहिले, हा हिशेब सोपा वाटतो. पण मग सर्दीपडसे सर्वांत वर येईल. दुसरे लोक तीव्रता पाहतात. ज्याने माणूस मरतो ते पहिले. हेही अपुरे आहे. अमेरिकेत जॉन हॅनलन नावाचे सार्वजनिक आरोग्याचे एक जाणकार होऊन गेले. त्यांनी जी रीत घालून दिली आणि पुढे जी थोड्याफार फरकाने पुष्कळ ठिकाणी वापरली गेली, तिच्यात तीन गोष्टींना शून्य ते दहा असे गुण देतात: आजार किती जणांना आहे, तो किती गंभीर आहे, आणि आपण योजलेल्या उपायाने तो कितपत हटेल. गांभीर्याचे गुण दुप्पट करावयाचे, त्यांत संख्येचे गुण मिळवावयाचे, आणि येणाऱ्या बेरजेला उपायाच्या गुणांनी गुणावयाचे. शेवटची पायरी बेरजेची नसून गुणाकाराची आहे, यात सारे मर्म आहे. उपाय शून्य असेल तर आजार कितीही मोठा असो, गुणाकार शून्यच येतो.

एक उदाहरण घेऊ. गुण मी केवळ समजण्यासाठी धरले आहेत. उच्च रक्तदाबाला संख्येचे ८ आणि गांभीर्याचे ७ गुण दिले, तर ८ आणि १४ मिळून २२ होतात. मूत्रपिंड निकामी होण्याला संख्येचे २ आणि गांभीर्याचे पुरे १० दिले, तर २ आणि २० मिळून तेही २२ च. येथवर दोन्ही पारडी समतोल आहेत. आता उपाय. रक्तदाब मोजणे आणि गोळ्या चालू राहतील असे पाहणे, हे आपल्यासारख्या मंडळाला साधण्याजोगे आहे. त्याला ८ गुण द्या. रक्तशुद्धीचे यंत्र विकत घेऊन ते चालविणे, त्याला शुद्ध पाणी, तंत्रज्ञ आणि डॉक्टर पुरविणे हे आपल्या आवाक्यात कितपत आहे? उदार होऊन ३ गुण द्या. एकीकडे १७६ येतात, दुसरीकडे ६६. शिवाय ज्यांचे मूत्रपिंड निकामी होते त्यांपैकी पुष्कळांचे ते वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने आणि न मोजलेल्या रक्तदाबानेच झालेले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिले काम दुसऱ्याच्या मुळावरच घाव घालते, हे दिसेल.

या हिशेबानंतर एक चाळणी लावतात. हे काम आपले आहे काय, परवडेल काय, लोकांना पटेल काय, माणसे आणि साधने आहेत काय, आणि कायद्यात बसते काय? पाचांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असले, तर तूर्त ते काम बाजूला ठेवावयाचे.

कोणी म्हणेल, माणसाच्या दुःखाला असे गुण देणे निर्दयपणाचे आहे. गुण न देता घेतलेले निर्णय अधिक दयाळू असतात, असे मला तरी दिसलेले नाही. ते केवळ अधिक गुळगुळीत शब्दांत मांडलेले असतात. मात्र आकड्यांची पूजा करू नये हेही खरे. संख्या लहान असूनही एखादे काम वर का यावे, याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचा अभ्यास केला. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले काही तासांत दगावत. सबंध देशाच्या हिशेबात हा रोग कोणाच्या खिजगणतीत नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढून दंशानंतर हृदय कसे खचते ते पाहिले, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर लागू पडते असे दाखवून दिले. त्यानंतर या मृत्यूंचे प्रमाण अगदी थोड्यावर आले. त्यांचे लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संख्या लहान, गांभीर्य मोठे, आणि उपाय हाताशी असूनही कोणी वापरीत नव्हते. आपल्या यादीत असे काही दडले आहे काय, हे आरोग्यसमितीने डोळ्यांत तेल घालून पाहावे.

आता माझे स्वतःचे मत सांगतो. ते आपण मानलेच पाहिजे असे नाही.

माझ्या मते पहिला क्रम उच्च रक्तदाबाला द्यावा, आणि त्यासोबत मधुमेहाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्के लोकांना मधुमेह असल्याचे आढळले. रक्तदाबाच्या बाबतीत वैद्यकात ‘अर्ध्यांचा नियम’ म्हणून एक जुना ठोकताळा आहे. ज्यांना तो असतो त्यांतील अर्ध्यांनाच ते ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते त्यांतील अर्धेच औषध घेतात. आणि औषध घेणाऱ्यांतील अर्ध्यांचाच रक्तदाब ताब्यात असतो. म्हणजे शंभरांतील बाराच सुरक्षित. उरलेल्या अठ्ठ्याऐंशींपैकी कोणाला पक्षाघात होईल आणि कोणाला हृदयविकार, हे कोणी सांगू शकत नाही.

यावर आपण आजवर काय केले? दरवर्षी एक शिबीर भरविले. शिबिरात माणसे येतात, रक्तदाब मोजतात, चिठ्ठी खिशात घालतात आणि धोतरासोबत किंवा विजारीसोबत ती धुण्यात जाते. शिवाय शिबिराला येतात ते कोण? ज्यांना रविवारी सवड आहे, ज्यांना जिना उतरता येतो, ज्यांना प्रकृतीची आधीच काळजी आहे. वेल्समधील खाणकामगारांच्या गावी आयुष्य वेचलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ साली लिहून ठेवले की, ज्यांना उत्तम वैद्यकीय सेवेची गरज अधिक, त्यांच्या वाट्याला ती कमी येते. आपल्या शिबिरांचा पट पाहिला तर तेच दिसेल. त्या डॉक्टरांनी शिबीर भरविले नाही. आपल्या गावातील एकेका माणसाचा रक्तदाब मोजला, जे आले नाहीत त्यांच्या दारी जाऊन मोजला, आणि मोजतच राहिले.

हेच आपल्याला करता येण्याजोगे आहे, कारण मंडळाजवळ यंत्रे नसली तरी माणसे आहेत. प्रत्येक वाडीचा, प्रत्येक इमारतीचा पत्ता आपल्या वहीत आहे. डोंबिवलीचा मुलगा आणि गावची आई यांच्यामधला दुवा आपणच आहोत. दर वाडीत एका व्यक्तीला रक्तदाब मोजण्याचे शिक्षण द्यावे, एक चांगले यंत्र द्यावे, आणि महिन्यातून एकदा तिने ठरलेल्या घरी जाऊन वहीत नोंद करावी. गोळ्या आपण विकत घ्यावयाच्या नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व केंद्रांत उपचार विनामूल्य आहेत. गोळ्या संपल्या आहेत काय, आणण्यास कोणी आहे काय, ‘आता बरे वाटते’ म्हणून आईने त्या बंद केल्या आहेत काय, एवढे पाहणे हे आपले काम. यात फीत कापण्याजोगे काही नाही, हे मी जाणतो.

दुसरा क्रम मी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीला देईन. अहवालात त्याचा उल्लेख एकाच कुटुंबात आहे, तरीही देईन. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ साली एक प्रयोग सुरू केला. सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, शिरक्यात असते ते सौम्य आम्ल लावून तपासणी केली. आणि ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शालेय शिक्षण झालेल्या व या कामाचे खास शिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. असा रोकडा पुरावा फार थोड्या उपायांमागे असतो. आता मुलींसाठी लसही आहे. पुण्यात तयार होणाऱ्या लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. आपल्या भगिनी या तपासणीस जाण्यास लाजतात, हीच खरी अडचण आहे. ती पैशाने सुटत नाही. आपल्या महिला शाखेच्या पाच प्रमुख भगिनींनी प्रथम स्वतः तपासणी करून घेतली, आणि हळदीकुंकवाच्या वेळी ते मोकळेपणी सांगितले, तर ती अर्धीअधिक सुटेल.

रुग्णवाहिकेविषयी आता बोलणे प्राप्त आहे. कारण तिच्यासाठी देणगी देऊ करणारे आपले दानशूर बांधव येथे पहिल्याच रांगेत बसले आहेत आणि त्यांचा हेतू निर्मळ आहे, याविषयी कोणाला शंका नाही. रुग्णवाहिका दिसते, तिच्यावर वडिलांचे नाव घालता येते, आणि ती दारात उभी राहिली म्हणजे मंडळाने काही केले, असे सर्वांना वाटते. परंतु राज्यात २०१४ सालापासून १०८ क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका आहे. आपल्या आडवळणाच्या वाड्यांना ती वेळेवर पोहोचत नाही, ही तक्रार खरी आहे, आणि ती अहवालातही आहे. मग मंडळाची एक गाडी चार तालुक्यांत विखुरलेल्या वाड्यांना वेळेवर कशी पोहोचेल? चालक रात्रंदिवस हवा, इंधन हवे, विमा हवा, चार वर्षांनी चाके हवीत. हा खर्च एकदाचा नसून दरसालचा आहे आणि त्यास कोणी देणगीदार नाही. माझी विनंती एवढीच की, तीच देणगी वडिलांच्याच नावाने वाडीसेविकांच्या शिक्षणाला आणि मानधनाला द्यावी. नावाची पाटी गाडीवर जशी लावता येते तशी सेविकेच्या पिशवीवरही लावता येते, आणि ती पिशवी अधिक घरांतून फिरेल.

येथे एक शंका काही तरुणांनी बोलून दाखविली आहे. वाडीत आपल्या घरांशेजारी इतर समाजांची घरे आहेत. सेविकेने त्यांच्या दारावरून तसेच पुढे जावयाचे काय? निधी ज्ञातीचा आहे, घटनेत तसे कलम आहे, हे खजिनदारांचे म्हणणे नियमाला धरून आहे. पण मला येथे जामखेड आठवते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी तालुक्यात काम मांडले. औषधाची पेटी घेऊन गेलेल्या या डॉक्टरांना लोकांनी आपला अग्रक्रम सांगितला तो अन्नाचा आणि पाण्याचा. डॉक्टरांनी तो मानला आणि विंधणविहिरींच्या कामाला लागले. हातपंप दलित वस्तीत बसविले गेले, तेव्हा पाण्यासाठी सगळ्या गावाला त्या वस्तीत जावे लागले. पुढे खेड्याखेड्यांतून ज्या आरोग्यसेविका त्यांनी तयार केल्या, त्यांत निरक्षर आणि दलित स्त्रिया पुष्कळ होत्या. आणि ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांच्या हातांनी उंबरठ्याच्या आतली बाळंतपणे होऊ लागली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्या वाडीची विहीर एक आहे, ओढा एक आहे. भातखाचरात जो उंदीर लेप्टोचा जंतू सोडतो तो सातबारावरील आडनाव पाहून सोडीत नाही. आपल्या शेतात लावणीला येणारी माणसे बहुधा इतर समाजांची आहेत आणि चिखलात आपल्याहून अधिक तास तीच उभी असतात. ती तापाने पडली आणि आपण केवळ आपल्या घरांचा ताप मोजीत बसलो, तर आपली नोंदवही अपुरी राहील आणि आपली मानही खाली जाईल. म्हणून सेविकेने वाडीतील प्रत्येक घरी जावे, अशी दुरुस्ती कार्यकारी मंडळाने घटनेत सुचवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. शिष्यवृत्त्या ज्ञातीपुरत्या ठेवावयाच्या तर ठेवा. रक्तदाबाचे यंत्र ठेवू नका.

राहता राहिला प्रश्न निवडीच्या रीतीचा. आपल्या सभांची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. प्रथम एक वडील बोलतात, मग दुसरे वडील त्यांना दुजोरा देतात, आणि मग ‘सर्वानुमते’ असे इतिवृत्तात लिहिले जाते. मागच्या खुर्च्यांवरच्या सुना आणि मुले घरी परतताना गाडीत खरे मत बोलतात. अमेरिकेत डेलबेक आणि व्हॅन डी वेन या दोघा अभ्यासकांनी १९७१ साली यावर एक साधी रीत सुचविली. प्रथम प्रत्येकाने काही न बोलता आपली मते कागदावर लिहावयाची. मग क्रमाने प्रत्येकाने एकेक मुद्दा वाचावयाचा, त्यावर टीका करावयाची नाही. नंतर शंकासमाधान, आणि शेवटी प्रत्येकाने गुप्तपणे क्रम लावावयाचा. या रीतीत अध्यक्षांचा कागद आणि शेवटच्या रांगेतील वहिनींचा कागद यांचे वजन सारखे असते. अध्यक्षमहाराजांनी ती आज वापरण्यास मोठ्या मनाने संमती दिली आहे.

एक गोष्ट मात्र क्रम लावताना विसरू नये. आपण जे पाचव्या, सहाव्या क्रमावर टाकू, ते कोणाच्या तरी घरचे पहिले दुखणे आहे. ज्या कुटुंबांत रक्तशुद्धीसाठी आठवड्यातून दोनतीनदा जावे लागते, त्यांना ‘तुमचे काम यंदा घेतले नाही’ असे पत्राने कळवू नये. समितीच्या दोघा सदस्यांनी घरी जाऊन का घेतले नाही ते सांगावे, जिल्हा रुग्णालयांत २०१६ सालापासून चाललेल्या राष्ट्रीय योजनेखाली त्यांना काय मिळू शकते ते कागदपत्रांसह करून द्यावे, आणि बरोबर जाण्यास माणूस द्यावा. यास निधी लागत नाही, सवड लागते. मोतीबिंदूचेही तसेच. शस्त्रक्रिया सरकारी व धर्मादाय रुग्णालयांत होतात. आपल्या वृद्धांना नेणारा आणि आणणारा हात काय तो हवा आहे. गुडघेदुखीबाबत मजजवळ सांगण्यासारखे फारसे नाही, माझेही दुखतात.

आपल्या खुर्चीवर जो पिवळा कागद ठेवला आहे त्यावर नाव घालू नये. त्यावर अहवालातील अकरा विषय छापले असून खाली दोन ओळी कोऱ्या आहेत. यादीत नाही असे काही मनात असेल तर ते तेथे लिहावे. प्रत्येकाने पहिले तीन क्रम लावावयाचे आहेत. लहान अक्षरे वाचण्यास ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांतील कागद चिटणिसांकडे आहेत. पेट्या दोन आहेत, एक दाराशी आणि एक स्वयंपाकघराच्या बाजूस. कारण आपल्या भगिनींपैकी निम्म्या या क्षणी तेथे वाढपाच्या तयारीत आहेत आणि हे व्याख्यान त्यांनी ऐकलेले नाही. महिला शाखेच्या चिटणीस त्यांना वरील मुद्दे थोडक्यात सांगतील. पेट्या पंगत उठेपर्यंत उघड्या राहतील. मोजणी रात्री आठ वाजता याच सभागृहात, ज्यांना थांबावयाचे असेल त्या सर्वांसमक्ष होईल.